फुगलेलं दार

संहितेत एवढंच होतं:
तो दार ढकलतो. दार अडतं.

बाकी जमत आलं होतं.
भिंतीवरची ओल मी तीन रात्री काढली,
चहाचं पाणी, काळा रंग, थोडा फेव्हिकॉल,
कडेने धरलेला लोणा मात्र खऱ्या मिठाचा.
मनामाच्या जुन्या बाजारात काळ्या बटणांचा स्विचबोर्ड मिळाला,
एक बटण अर्ध्यावर अडकणारं,
त्याचे मी दोन दिनार जास्त दिले.
चिपळूणच्या पोस्टमास्तरची भाड्याची दीड खोली
ईसा टाउनमधल्या शाळेच्या हॉलात
इंचाइंचाने उभी राहत होती.

दिवसा मी सित्र्यात शीतगृहांचे नकाशे काढतो.
थंडी बाहेर जाऊ नये, दमट हवा आत येऊ नये,
याचा मला पगार मिळतो.
रात्री उलटं.

"सोळाव्या रांगेतून कोण बघणारे तुझं दार?"
तांबोळकर म्हणाले, आमचे दिग्दर्शक.
कोणी नाही.
पण श्रीयाळचा खांदा बघेल.

श्रीयाळ इथलाच, मुहर्रकला जन्मलेला.
त्याच्या आयुष्यातली दारं आपोआप सरकतात
नाहीतर कार्ड दाखवलं की उघडतात.
परक्याच्या सामानाला लावावा
तसा तो दाराला हात लावायचा.
अरे, हाताने नाही.
आधी कडी उचल, दार जरासं स्वतःकडे ओढ,
आता खांदा, आणि खालच्या कोपऱ्याला पायाचा अंगठा.
हे सगळं न बघता.
तोंडाने बोलणं चालूच.
"काका, एका दारासाठी इतकं?"

हाशिम सुताराने, चितगावच्या,
काहीच विचारलं नाही.
मी हवेत हाताने फुगवटा दाखवला,
"हमारे उधर भी," म्हणाला,
आणि दाराच्या बुडाला सायकलच्या ट्यूबची पट्टी ठोकली.
दार अडू लागलं.
प्रत्येक तालमीत, नेमकं तितकंच.
म्हणजे खोटंच.

प्रयोगाच्या आठवड्यात समुद्रावरून अशी हवा आली
की उभ्या गाड्यांच्या काचा बाहेरून ठिबकत होत्या.
सामान आत घ्यायला मागचं शटर
दुपारपासून सताड उघडं.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
लाकडाच्या आलं.

दुसरा अंक. तो ढकलतो. दार अडतं.
तो पुन्हा ढकलतो.
आत कुमुदिनी फणसे परातीत तांदूळ निवडतायत,
खडे मीच मिसळले होते, मोजून तीस.
तिसऱ्यांदा.
चौथ्यांदा ओलीसकट भिंत हलली,
विंगेत मी डोळे मिटले.

आणि काळोखातून, आठव्या-नवव्या रांगेतून,
कुणी म्हातारा, ओरडून नाही, नुसतं सांगितल्यासारखं:
"उचलून घे रे, उचलून."
मग एक बाई: "खालनं लाथ घाल."
मग इकडून, तिकडून, दबक्या आवाजात,
ॲल्युमिनियमच्या कारखान्यातले, बँकेतले,
इस्पितळातल्या रात्रपाळीला निघायचे होते ते,
सगळे त्या दाराबाहेर उभे.

कुमुदिनीताईंनी मान वर केली नाही.
एक खडा उचलून बाजूला टाकला
आणि संहितेत नसलेलं बोलल्या:
"ह्यांना रंधा मारायला सांगून तीन वर्षं झाली."
पुढची रांग हसली.
मागच्या हसल्या नाहीत.
श्रीयाळने कडी उचलली. ओढलं.
खांदा. अंगठा.
आत आला तो कुठेच न बघता,
वाक्याच्या मध्यावर.

रात्री दीडला सेट उतरवला.
ओल तीन तुकड्यांत सुटली.
तांदूळ कुणीतरी डब्यात भरून नेले, खड्यांसकट.
दार पुन्हा अडून बसलेलं,
पट्टी काढली तरी हाशिमलाही उघडेना.
शेवटी चौकटीसकट उचललं,
पिकअपवर उभंच बांधलं.

सिग्नलपर्यंत मी त्यांच्या मागे होतो.
बंद दार, इकडे हायवे, तिकडेही हायवे,
आणि वाऱ्याने पडू नये म्हणून
हाशिम,
दोन्ही हातांनी कडी धरून.