दारापासून दारापर्यंत

टेपाचे पहिले सहा सेंटिमीटर झिजून गेलेत,
म्हणून आम्ही दहापासून मोजतो
आणि शेवटी दहा वजा करतो.
नगर निगमातल्या एकोणीस वर्षांत
एवढं एक मी नक्की शिकले.

मालवा मिलच्या मागे, दुपारी पावणेबाराला
भेरूलालनं पितळी कडी धरली शाळेच्या फाटकाशी
आणि मी फीत सोडत निघाले
सितारा ऑर्केस्ट्रा व भोजनालयाकडे.
नियम म्हणतो शंभर मीटर.
शाळा, देऊळ, दवाखाना, कशापासूनही शंभर.
कुठून कुठवर, ते नियम म्हणत नाही.
फाटकापासून की फळ्यापासून?
रस्त्यानं की कावळ्यानं?

रस्त्यानं एकशे सहा भरतात,
गटाराचं झाकण ओलांडून,
रद्दीवाल्याच्या हातगाडीला वळसा घालून.
कावळ्यानं, म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून, एक्याण्णव.
तक्रारदार रेशिमवाले वकील कावळ्याच्या बाजूचे.
मालक वासवानी रस्त्याच्या.
दोघांनीही मला चहा पाजला.

शिवाय कडुनिंबाखाली एक दगड उगवलाय.
गेल्या महिन्याच्या नकाशात नव्हता.
शेंदूर बोटाला लागतो अजून.
भेरूलालनं चपला काढल्या, हात जोडले,
मग त्याच हातांनी कडी धरली दगडाशी.
बावीस मीटर.
फॉर्मात 'स्थापनेचे साल' असा रकाना आहे.
मी कोरा सोडला.

आत, लग्न उरकलेल्या मांडवासारखं सगळं.
टेबलांवर उलट्या खुर्च्या, मंचावर फिनेल,
आणि एक बाई, धुतलेले केस पाठीवर सोडून,
मटार सोलत बसलेली.
नाव विचारलं. रात्रीचं सांगितलं: मोना.
माझं पेन थांबलेलं पाहून दिवसाचं: हेमप्रभा.

'हे उठवून कुठं नेणार, ताई?'
बायपासच्या पलीकडे. नकाशात तिथं जांभळा पट्टा आहे,
विशेष उपयोगासाठी.
शाळा नाही, देऊळ नाही, दवाखाना नाही.
'दिवे?'
नकाशात दिवे दाखवत नाहीत.
'बस?'
शेवटची दहाला.
'आमचं सुटतं दीडला.'
एक शेंग मोडली तिनं. आत दाणेच नव्हते.
'हा टेप केवढा आहे?'
तीस मीटर.
'मग नाही पुरायचा.'

तेवढ्यात शाळेची मधली सुट्टी झाली.
एक मुलगी पळत आली, लाल रिबिनी, हातात वही,
आणि गटाराच्या झाकणापाशी
गचकन थांबली.
हाक मारली तिनं तिथूनच.
हेमप्रभा ओढणी सारखी करत बाहेर गेली,
झाकणापर्यंत.
गुडघ्यावर वही ठेवून सही केली, सावकाश, पूर्ण नावाची.
मुलगी आली तशी पळाली.
'झाकणाच्या अलीकडे यायचं नाही तिनं,'
परत येऊन म्हणाली, 'पहिलीपासून सांगून ठेवलंय.'
कुठल्या राजपत्रात नाही हा नियम.
पण कुठून कुठवर, ते त्यात स्पष्ट आहे.

रिंग रोडवरच्या हॉटेलात बाराव्या मजल्यावर
असंच सगळं चालतं, तिथं त्याला लाउंज म्हणतात.
खाली, भिंतीला भिंत लावून, बालवाडी.
आमचा टेप आडवाच मोजतो.

साहेबांनी कागद चाळले.
'रस्ता आणि कावळा, कशाला भांडण?
दगडच धरा.'
मी दगड धरला. सही केली, सावकाश नाही.

घरी, भाकरी थापताना आठवलं,
वजा करायचं राहिलं.
एकशे सहा मीटरना चार वेळा टेप पडतो,
दर वेळी दहा,
म्हणजे चाळीस सेंटिमीटर माझ्याकडे जास्तीचे आलेत.
फाईल आता वर गेली.
एवढ्या जागेत, पाय जुळवून,
एक मुलगी उभी राहू शकते.