भ वरची मोकळी जागा

नवतपा लागला होता. इतवारीत
तलमले वस्त्र भांडारच्या पाटीवर अक्षरं उभी झाली होती
आणि मी शिडीवरून त्यांच्या डोक्यावरची रेघ ओढत होतो.
रेघ हीच माझी खरी विद्या.
पट्टी नाही, दोरी नाही, श्वास धरून एका दमात.
फक्त भ आला की कुंचला उचलायचा,
जराशी जागा मोकळी सोडायची,
पुन्हा टेकवायचा.

त्या दिवशी उचललाच गेला नाही.
रेघ भ वरून सरळ निघून गेली
आणि भांडारचं मांडार झालं.
खालून तलमले हसले, "शेषराव, भांग घेतली का बापा?"
नाही म्हणालो, तर शब्द ओठाच्या एका कोपऱ्यातून सांडला.

दहा मिनिटांनी हात परत आला.
उंडारून आलेलं पोरगं कसं म्हणतं,
इथंच तर होतो.

मग पोह्यांचा चमचा पडला, तर्री शर्टावर.
मग शिडीच्या तिसऱ्या पायरीवर
उजवा पाय होता, पण माझा नव्हता.
दर वेळी सगळं परत यायचं,
इतकं पुरतं, की तक्रार करायची लाज वाटावी.
प्रमिलानं खिशात कांदा कोंबला,
"ऊन लागून राहिलं तुम्हाले."

चौकातल्या डॉक्टरांसमोर बसलो
तेव्हा सगळं आपापल्या जागी होतं.
हात वर करा. केले. दात दाखवा. दाखवले.
बीपी वाढलेलं. एक गोळी, आणि ताक पीत जा.
बाहेर गाडीची किल्ली काढताना हात पुन्हा गेला.
मी पायरीवर बसून राहिलो.
आत गेलो असतो तर नंबर परत लावावा लागला असता.

रंग कालवणारा रिझवान काही बोलत नव्हता.
शिडीच्या दांड्यावर खडूनं लिहीत होता,
नऊ चाळीस. अकरा पाच. सव्वाबारा.
पाचवी वेळ लिहून म्हणाला, "चचा, ये धूप नहीं है."
मी म्हणालो, पाटी होऊ दे.

रात्री कूलरच्या घरघरीत जाग आली.
शेजारी कुणाचा तरी हात ठेवलेला.
दहा मिनिटं वाट पाहिली.
मग आणखी दहा.
सवय लागली होती.

मेडिकलमधली तरुण डॉक्टरीण विचारत होती,
आधी किती वेळा? किती वाजता?
प्रमिला म्हणाली दोनदा. मी डावी बोटं दाखवली, तीन, का चार.
खरा हिशेब इतवारीत, साखळीनं बांधलेल्या शिडीवर होता.

फिल्मवर ज्वारीच्या दाण्याएवढा डाग.
केसाएवढी नस, ती म्हणाली,
दिवसभर मिटत होती, उघडत होती.
एवढ्या मोठ्या डोक्यात एका दाण्यानं काय होतं,
मी विचारणार होतो.
मग भ आठवला.

पाटी अजून तशीच आहे. तलमले म्हणतात, राहू द्या,
गिऱ्हाईक आता मांडारच म्हणतं.
मी घरी डाव्या हातानं पाटीवर भ गिरवतो.
उचलतो. टेकवतो.
आणि चहाच्या टपरीवर कुणाच्या हातून कप सुटला,
तो हसला, बोटं झटकून म्हणाला, काही नाही, आता बरं आहे,
की मी आधी घड्याळ पाहतो
आणि खिशात खडू शोधतो.