खाल्ल्या मिठाला

पोत्याबरोबर आलेला कागद सोळा पानांचा, सगळा इंग्रजीत.
शेठ म्हणाले, बाई, तुमचं अक्षर बरं आहे,
मराठीत उतरवा, सोमवारी इन्स्पेक्टर यायचाय.
म्हणून खैराणी रोडच्या आत, तिसऱ्या गल्लीत,
चलनांच्या गठ्ठ्यावर पुठ्ठा ठेवून
मी निकेल सल्फेट लिहायला बसले.

रंग : हिरवा. इथवर सोपं.
कुठला हिरवा, ते कागदात नाही.
हिरवा चुडा फुटून ढीग पडावा, तसा.
वास : नाही.
चव : घेऊन बघू नये.
वर्ग : क्षार.

मिठबावकर टाकीवरून ओरडले, क्षार म्हणजे मीठच ना?
मग मीठ लिहा की सरळ.
एकवीस वर्षं याच टाकीचं मीठ खाल्लंय आम्ही.

धूळ उडू देऊ नये.
सांडलं तर झाडू मारू नये, ओल्या फडक्याने टिपावं.
(झाडू दारामागे उभा होता, ऐकत.)
हातमोजे कोपरापर्यंत. फाटका मोजा नसल्याहून वाईट,
आत शिरलेलं पाणी आतच मुरतं.
टाकीजवळ डबा सोडू नये, तंबाखू मळू नये.
कामाचे कपडे घरच्या बादलीत नेऊ नयेत.
वाफ छातीत गेल्यास, वर्षानुवर्षं गेल्यास
इथे मी एक शब्द लिहिला, खोडला,
पुन्हा लिहिला, जरा बारीक अक्षरात :
कर्करोग.

नवव्या पानावर अडले.
डिक्शनरीत होतं, संवेदनक्षम करणारे द्रव्य.
हे काय एखाद्या कवीबद्दल लिहायचंय?
मिठबावकरांना विचारलं.
त्यांनी बाही वर केली.
मनगटापासून कोपरापर्यंत कातडी भेगाळलेली,
ओहोटीनंतर उन्हात पडलेल्या गाळासारखी.
म्हणाले, पहिली चार वर्षं काही नाही हो.
मग एकदा अंगाने ओळख धरली, ती धरलीच.
आता घड्याळ चालत नाही, पट्ट्याचं बक्कल चालत नाही.
कंडक्टरने दहाचं नाणं हातावर ठेवलं
तरी रात्री दोनला उठून बसतो खाजवत.
मलम लावलं की निजतं. जात नाही.

मी तेच लिहिलं :
एकदा अंगाने ओळखलं, की मरेपर्यंत विसरत नाही.
याहून खाल्ल्या मिठाला कोण जागतं?

माझ्या उजव्या कानात कडुनिंबाची काडी आहे.
दिवाळीला शेठनी झुमके दिले होते,
याच टाकीत बुडवलेले.
ते कुठल्या पानावर लिहायचं, कळेना.

पान बारा : जलचरांस अतिविषारी.
नाल्यात सोडू नये.
नाला आमच्या मोरीमागे, पुढे मिठीला मिळतो.
मी दोनदा गिरवून नाल्यात हा शब्द ठळक केला.
शेठनी वाचलं. म्हणाले, छान झालंय,
फक्त हे एवढं ठळक नको.

सोमवारी इन्स्पेक्टर आला नाही.
पुठ्ठा खिळ्याला टांगला, नेमका पंख्याच्या बटणावर.
वाफ ओढून घेणारा तो मोठा पंखा, बंदच असतो,
बिल फार येतं.

मंगळवारी नवा पोरगा आला, अकमल, बहराइचचा.
मिसरूड फुटायची होती अजून.
पुठ्ठ्याकडे बघितलं, लाजून हसला :
मराठी नहीं आती.

मिठबावकरांनी टाकीतला रॅक वर घेतला, नीट ठिबकू दिला,
मग मोजा काढून हात त्याच्यापुढे धरला.
बोलले काहीच नाहीत.
पोरगा वाचत राहिला
बोटांपासून
कोपरापर्यंत, आणि परत.

मी पुठ्ठा जरा सरकवला
आणि बटण दाबलं.
आतून शेठ म्हणाले, कोण आहे रे?
पंख्याने पहिल्यांदा नुसती जळमटं ओढली.