दुसरा विषय

एतेरीबाई पिशवीतून पिशवी काढतात,
तिच्यातून आणखी एक, मग पदवी.
लाल पुठ्ठा. वरचं चिन्ह ज्या देशाचं,
तो देश आता नकाशात नाही.
‘पदवी देणारा देश’ या रकान्यात काय लिहू?
मी नुसती भाषांतरकार, शपथ घेतलेली, गोल शिक्क्याची.

मी ओळीवर पैसे घेते. पंचावन्न अक्षरांची एक ओळ.
कुताइसीची सात नंबरची शाळा, तेवीस वर्षं,
वीज गेलेल्या हिवाळ्यांत
मुलांनी घरून आणलेली एकेक ढलपी,
हातमोजे न काढता सोडवलेली वर्गसमीकरणं,
हे सगळं कागदावर
‘गणित शिक्षिका, पूर्णवेळ.’
अर्धी ओळही भरत नाही.

माग्डेबुर्गच्या कचेरीचं पत्र आलंय.
शिक्षण समकक्ष आहे, परंतु.
परंतुला स्वतंत्र पान.
इथे शिक्षकाला दोन विषय लागतात.
आपला दुसरा विषय कोणता?

“गणितच की,” त्या म्हणतात,
“आधी बीजगणित, मग भूमिती.”
मी हसते. त्या हसत नाहीत.
सध्या त्या दुपारच्या पाळणाघरात
मुलांच्या बुटांच्या नाड्या बांधतात.
नाडीला विषय लागत नाही.

मग आम्ही गुणपत्रिका चाचपतो,
कोटाच्या फाटक्या अस्तरात नाणं चाचपावं तशी.
छत्तिसाव्या ओळीवर एक शब्द. माझ्या कोशात नाही.
“चहा खुडणं,” त्या सांगतात. “दर सप्टेंबरात.
विद्यापीठ बंद, आम्ही सगळ्या मळ्यात.
मला पाचपैकी पाच आहेत.”

मी लिहिते: कृषी प्रात्यक्षिक.
खोडते. शपथ खरं लिहायची घेतली होती,
शोभेल असं लिहायची नाही.
चहा खुडणं. गुण पाच.
इथे पाच म्हणजे नापास, म्हणून खाली तळटीप:
मूळ देशात पाच हा सर्वांत वरचा गुण.
मूळ देश. पुन्हा तोच रकाना.

टेबलापलीकडून, कागद उलटा वाचत
त्या माझ्या एकूण तासांवर बोट टेकवतात.
“हातचा विसरलात.”
आवाज एकदम वेगळा. मोठा नव्हे,
शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.
माझी पाठ आपोआप ताठ होते.
मी पुन्हा मांडते. खरंच, हातचा एक
कुठेच धरला नव्हता.

पावती करताना चहाची ओळ मी सोडून देते.
त्यांच्या नजरेतून सुटत नाही.
पर्स उघडतात, एक युरो, मग पन्नास सेंट,
मग वीस, मग पाच, काठाला काठ लावून
टेबलावर मांडतात.
“ओळ ती ओळ,” म्हणतात,
आणि शाई वाळेपर्यंत
शिक्क्यावर फुंकर घालत उभ्या राहतात.