ट्रॅक चार

रोहिदास आला तेव्हा मी घुमटाच्या तीन चुकल्या मात्रा
जागेवर सरकवत होते.
फोंडा, हार्डवेअरच्या दुकानावर दुसरा मजला.
खाली कोणी पत्रा कापायला घेतला
की मी हेडफोन काढून चहा पिते.

छत्री बादलीत टाकून उभ्याउभ्याच म्हणाला,
"शाणूचो आवाज काडून उडय."

शाणू, धाकटा भाऊ.
कुळागरातल्या पाटाचं पाणी कोणी कुठे वळवलं
ते त्यानं मला दोनदा सांगितलं,
वाळलेल्या माडींच्या आकड्यासकट.
चवथ तेरा दिवसांवर.
कुवेतच्या पोरांना आरत्या त्याआधी हव्यात.

सहा ट्रॅक.
दोन घुमटं, शामेळ, चौथा शाणू,
मग कांसाळं, आणि सहाव्यात बाकीचे सगळे
एका माइकभोवती, रोहिदास मधोमध.
बोरीच्या अग्रशाळेत एका रात्रीत घेतलेलं.
घुमटांना आता बकऱ्याचं कातडं,
घोरपडीचा नाद गेला म्हणून म्हातारे
दर आरतीनंतर एकदा हळहळलेले,
तेही सगळं आहे माझ्याकडे.

सहाही मी एका गटात बांधलेत.
एकावर कात्री चालली की सगळ्यांवर चालते,
नाहीतर एक जण पुढच्या कडव्यात पोचतो
आणि बाकीचे मागेच टाळ्या वाजवत राहतात.

चौथ्यासमोरचं बटण दाबलं. लाल झालं.
रेघ होती तशीच, फक्त करडी पडली.
ऐका, म्हटलं.

शाणू होता.
शामेळाच्या माइकात होता, दोन हात लांबून.
कांसाळ्याच्या मागे, पितळेला घासून जात होता.
सहाव्यात तर पडवीत बसल्यासारखा
निवांत.

"हो कसो उरलो?"

मी त्याची पट्टी शोधली, खाली ओढली.
तर रोहिदासलाच सर्दी झाली.
एकाच घरचे गळे,
तलवार कुठून घालणार मध्ये?

तीन मिनिटं बारा सेकंदांवर
लय दुप्पट होते. त्याच्या निमिषभर आधी
शाणूचा एक "हां".
तेवढा मी सहाही ट्रॅकमधून कापला,
दोन्ही कडा एकमेकांत विरघळवल्या,
आणि वाजवलं:
सगळे एकदम वेगात,
जसा कोणी पाठीत रपाटा घातला असावा
आणि रपाटा घालणारा दिसतच नाही.

रोहिदासची बोटं टेबलावर चालली होती.
त्या वळणावर ती मागे पडली.
"परत घाल तें," म्हणाला,
मग माझ्याकडे न बघता,
"तितलेंच."

मग दुसऱ्या आरतीत एका खोकल्याच्या जागी भरायला
रिकाम्या खोलीचा तुकडा हवा होता.
सुरुवातीपासून शोधला, आवाज चढवून:
पत्र्यावरचं पाणी, बेडूक,
पुलाकडे कदंबाचा हॉर्न,
कोणाचा तरी गुडघा कटकन,
आणि अगदी जवळून, गाणं सुरू व्हायच्या आधी,
"दादा, गुळी घेतली मरे तुवें?"

रोहिदासचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला.
चाचपलं. रिकामा परत आला.
मी दोन सेकंद पुढचा तुकडा उचलला,
नुसत्या बेडकांचा.

निघताना दारात विचारलं त्यानं,
"काडलो मगो ताका?"
"ट्रॅक चार बंद आहे," म्हटलं,
आणि पडद्यावर बोट ठेवून दाखवलं,
लाल, अगदी स्पष्ट.
त्यानं मान हलवली.
पिशवीतलं तवशें काढून कीबोर्डशेजारी ठेवलं,
अजून ओलं होतं.

जिना उतरल्याचा आवाज,
एका पायावर जरा जास्त भार.
छत्री राहिली बादलीत.
खाली पत्रा कापायला लागले,
मी हेडफोन काढले.