पेटी क्रमांक सतरा

आज संचालकाची निवड.
फाट्यापासून तीन किलोमीटर आत, पूर्णेच्या काठावर
विद्यापीठाची भूविज्ञान संस्था
सकाळपासून फिनाइलच्या वासात उभी आहे.
चौदा महिने खुर्ची रिकामी.
प्रभारी सर बाजूला स्टूल ओढून
तिथूनच सह्या करायचे.

मी गाभ्यांच्या शेडचा माणूस.
जमिनीच्या पोटातून काढलेली माती,
हाताच्या मनगटाएवढी जाड, मीटर-मीटरने कापलेली,
पेट्यांत निजवून ठेवतो.
चारशे दहा पेट्या.
वाळवीला रॉकेल, उंदराला पिंजरा,
संशोधकाला चावी.

कुलगुरूंची गाडी साडेदहाला आली.
समितीतल्या एकांनी उतरताच विचारलं,
"इथं गोडं पाणी कुठं मिळतं?"
खारपाणपट्ट्यात या प्रश्नाला कुणी हसत नाही.
अकोल्याहून मागवलेल्या खोक्यातली
बाटली आम्ही पुढं केली.

मुलाखतीआधी उमेदवारांना संस्था दाखवावी,
असं पत्रात होतं.
डॉ. पितळे दारातूनच म्हणाले, "वा, केवढा साठा!"
आणि फोनवर कुणाला तरी
शंभर कोटींचं केंद्र समजावत परत फिरले.
डॉ. सोमवंशी आत आले, रुमाल नाकाला.
पत्रे पाहिले, भोकं मोजली.
"हे सगळं स्कॅन करू. मग शेड मोकळी."
मोकळ्या शेडमध्ये मी काय करायचं,
ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तिसऱ्या तेलगोटे मॅडम.
फाट्यावरून चालत आलेल्या,
चपलेला काळी चिकण, साडीच्या काठाला कुसळं.
एक तुकडा उचलला, फुंकला,
आणि सरळ जिभेला लावला.
"साठ मीटर?"
"बासष्ट," मी म्हणालो.
त्या हसल्या. "आमच्या गावच्या हिरीची चव हाय ही."

मग पेटी सतरापाशी थांबल्या.
खाली वाकल्या. चष्मा कपाळावर नेला.
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
पुरात नदी आधी जड वाळू टाकते,
मग बारीक, सगळ्यात शेवटी गाळ.
पेटीत गाळ तळाला होता, वाळू वर.
"ही उलटी हाय," त्या म्हणाल्या.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात रॅक कोसळला होता.
रात्री बॅटरीच्या उजेडात
एकट्यानं तुकडे भरले होते मी.
त्यानंतर या पेटीवर तीन प्रबंध झाले,
एकाला पदक.
सत्कारात मलाही नारळ मिळाला होता.

"कोणी लावली?"
माझी मान आपोआप हलली.
त्यांनी वहीत काही लिहिलं,
काय, ते दिसलं नाही.

मुलाखतीत चहा नेताना
दोन वाक्यं कानावर पडली.
"पाच वर्षांत संस्था कुठं नेणार?"
"नेणार कुठं नाही. आधी एक पेटी सरळ करायची हाय,
आणि तिच्यावर छापलेलं परत वाचायचं."
कप ठेवताना एक बशी वाजली.
कुणीतरी खोकलं. कुलगुरूंनी घड्याळ पाहिलं.

साडेपाचला लाखेचा शिक्का बसला लिफाफ्यावर.
नाव कुणाचं, शिपाई नामदेवलाही ठाऊक नाही,
आणि नामदेवला सगळं ठाऊक असतं.
गाड्या गेल्या. धूळ पऱ्हाटीवर बसली.
मॅडम फाट्याकडं निघाल्या, दर्यापूरची शेवटची गाडी गाठायला.

मी शेड उघडली.
सतरा नंबर खाली घेतली.
पहिला तुकडा हातात धरला, थंड, जड,
आणि तसाच परत ठेवला.
गुपचूप उलटवली होती,
गुपचूप सरळ केली तर
वाळूला फरक पडेल,
मला नाही.

नोंदवही काढली. तारीख घातली.
"पेटी १७, दि. ११ मे २००९ पासून उलटी,"
इथवर लिहिलं.
पुढं सही करायची असते.
पेन चालेना, झटकलं,
पानावर शाईचे तीन ठिपके पडले.
त्यांच्या खाली नाव लिहिलं, पूर्ण,
बापाच्या नावासकट.