बाकी

हलमध्ये स्प्रिंग बँक नावाचा रस्ता आहे.
तिथे झरा नाही. बँकही मला कधी दिसली नाही.
रेबवारचं दुकान होतं, खिडकीभर कार्डं लावलेलं:
वाघ, गरुड, ताजमहाल,
पाच पौंडांत अमुक मिनिटं, आणि खाली
मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत
ती कशी कापली जातील ते.
"इंडिया? गरुड घे," रेबवार म्हणायचा,
"वाघ मिनिटं खातो."

नाइट संपली की आठला मी थेट तिथे.
कोटाच्या आत युनिफॉर्म, पोटऱ्या भरून आलेल्या,
पर्समध्ये मिरजेहून चुकून आलेलं दोन रुपयांचं नाणं.
ते इथे कुठेच चालायचं नाही,
खरवडायला मात्र नामी.
चंदेरी भुकटी नखांत जायची.
बारा आकडे. एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून.
मग ती बाई, जी कुणावरच रागवत नसे:
तुमची बाकी, सतरा मिनिटं.

सतरा मिनिटांत माणूस मुद्द्याचं बोलतो.
पैसे पोचले का. अण्णांची शुगर.
दातार डॉक्टरांकडे नेलं की नुसतंच नेतो म्हणालास.
आणि शेवटच्या मिनिटाचं टूं टूं वाजलं
की माझा भाऊ दिगंबर एकदम घाईला यायचा,
"ताई, ऐक, मी काय म्हणत होतो, ते..."

ते काय, हे कळायला पुढचा शुक्रवार.
शुक्रवारी म्हणायचा, विसरलो.

लिसी म्हणाली, किती दिवस नाणं घासणार? मंथली घे.
म्हणून मोठ्या दुकानात गेले.
टाय लावलेला पोरगा, छातीवर कीरन लिहिलेलं.
त्याने माझं नाव टाइप केलं, दोनदा चुकवलं,
पडद्याकडे बघितलं, आणि तोंड असं केलं
जसं मी वॉर्डात नातेवाइकांसमोर करते.
"सॉरी. तुमची हिस्टरी नाही."

अरे लेकरा,
आमच्याकडे एक वेळ नळाला पाणी नसेल.
इतिहास चौकाचौकात घोड्यावर बसलाय.

पण त्याला उधारीचा हवा होता.
आणि वाण्याच्या वहीत आमचं पान कोरं
हे अण्णा लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगायचे.
इथे कोरं पान म्हणजे नुसतंच कोरं पान.

मग लिसीच्या सल्ल्याने
हप्त्यावर व्हॅक्यूम क्लीनर घेतला.
खोलीतला गालिचा टॉवेलएवढा.
दर महिन्याला सात पौंड, न चुकता,
अब्रू जमवत गेले उलट्या बाजूने.

आता आहे मंथली. आधी परदेश वेगळा होता,
पुढे असा प्लॅन आला की इंडियाही आत.
पैसे कुठल्या तारखेला जातात ते बघतही नाही.
दिगंबर जेवता जेवता बोलतो, स्पीकरवर,
ताटाचा आवाज येतो, कुणी तरी त्याला आणखी वाढतं.
"बाकी काय?"
"बाकी काही नाही. तुझं?"
"बाकी चाललंय."
महिन्याच्या शेवटी मेसेज येतो:
तुमची बाकी, चारशे बारा मिनिटं.
रात्री बारानंतर ती राहणार नाहीत.

रेबवारकडे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
एक वाघाचं कार्ड त्याने गल्ल्यावर चिकटवून ठेवलंय,
कुणीच न खरवडलेलं.
ते बघून आले त्या दिवशी मी दिगंबरला विचारलं,
तू तेव्हा काय म्हणत होतास, ते?
"कधी?"
तेव्हा. नेहमी. कार्ड संपताना.

तो हसला. मग हसायचा थांबला.
मागे कुकरची एक शिट्टी झाली.
मी फोन दुसऱ्या कानाला घेतला.
दोघांचंही अमर्याद आहे आता, कुणाला घाई नाही,
आणि मी वाट बघतेय
कुठे तरी टूं टूं वाजेल म्हणून.